एक ब्रास

पंचनाम्यात लिहिलं होतं ‘वाळू’.
आमच्याकडे तिला रेती म्हणतात.
तलाठी मॅडमला मी तसं बोलली तर त्या हसल्या,
म्हणाल्या, फुलवंताबाई, सरकारात गेली की वाळूच होते.
करा सही.

मी केली.
गावची कोतवाल मी, मागच्या पोळ्यापासून,
नवऱ्याच्या जागेवर.
हिवराज पटलेचा ट्रॅक्टर चुलबंदच्या घाटात सापडला
तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.
ट्रॉली रिकामी केली ती माझ्याच दारात,
कारण चावडीला कंपाउंड नाही
आणि शाळेत पोरं खेळतात.

दंड भरून ट्रॅक्टर अकराव्या दिवशी सुटला.
रेती नाही सुटली.

दारात ढीग,
ढिगामागे माझं घरकुल,
जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं.
पाच ब्रास फुकट, असा कागद आहे माझ्याकडे,
डेपो सुरू झाला की.
डेपो आधी साकोलीला होणार होता, मग लाखांदूरला,
मग ऑनलाइन.
गवंडी म्हणतो, बाई, समोर हे काय पडलं आहे मग?
मी म्हणते, ते माझं नाही रे,
ते माझ्या नावावर आहे.

रेती एका जागी बसून राहत नाही
हे साहेबांना कोण सांगणार.
कोंबड्या तिच्यात अंग घोळतात.
काळ्या कुत्रीनं तिच्या कुशीत पाच पिल्लं दिली.
पोरं पायावर थापून खोपे करतात
आणि पोटरीला चिकटलेली घरी नेतात.
भडभुंज्याची सुगरताबाई परातभर मागायला आली,
जुनी काळी पडली म्हणे, फुटाणे जळून राहिले.
मी नाही म्हटली.
रात्री तिनं नेली. मी खाटेवरून पाहत होती.
सकाळी दारात पुडी, फुटाणे अजून कोमट.
मी खाल्ले.
एक कण दाताखाली करकरला,
तो कोणत्या रकान्यात लिहू?

माझा बाप याच पात्रात डांगर लावायचा.
पाणी उतरलं की ढिवर दोरी घेऊन यायचे,
नदी वाटून घ्यायचे, भांडायचे, विडी प्यायचे.
पावसाळ्यात नदी सगळ्या खुणा पुसून टाकायची,
पुढच्या साली पुन्हा दोरी.
आता तिथं पोकलेनच्या दातांचे खड्डे
आणि त्यात हिरवं पाणी.

लिलावाला तिसऱ्यांदाही कोणी आलं नाही.
चांदेवार साहेबांनी टेप लावला,
लांबी, रुंदी, उंची, मोबाईलवर गुणाकार.
बारा घनफूट कमी.
सोमवारी पुन्हा मोजतो, म्हणाले,
तोवर काय ते बघा.

शनिवार, रविवार. दोन रात्री.
मी, माझी त्रिवेणी, शाळेतून मिळालेली तिची सायकल,
युरियाची चुंगडी.
घाटावर पाटी : वाळू उपसा मनाई. हुकमावरून.
ती पाटी गेल्या साली मीच गाडली होती.
पोरीनं टॉर्च लावला, मी विझवायला लावला.
नदीची चोरली, सरकारला भरली,
चोवीस घमेले, मोजून,
वर एक सुगरताबाईच्या नावाचं.
पिल्लं उचलून बाजूला घेतली,
ढीग हातानं सारखा केला,
पिल्लं पुन्हा होती तिथं ठेवली.

सोमवारी साहेब ढिगाला वळसा घालता घालता थांबले,
बूट रुतवून पाहिला.
ही ओली कशानं?
दव, मी म्हटली. थंडीचे दिवस आहेत.

ते वाकले.
नखाएवढी शिंपली उचलली, तळहातावर धरली.
ती जरा उघडली, मिटली.
माझ्याकडे पाहिलं त्यांनी, पाहतच राहिले,
मग टेप तसाच गुंडाळून खिशात घातला
आणि लिहिलं : एक ब्रास, बरोबर.

शिंपलीचं काही लिहिलं नाही.
त्रिवेणीनं ती सायकलच्या टोपलीत घालून
घाटावर नेली.
परत आली तेव्हा, मी काही विचारायच्या आधीच,
तिनं दोन्ही हात रिकामे करून दाखवले.